परड्यातल्या मक्याचं कणीस बोळकं का निघतं?

मक्याचं झाड डोक्याच्या वर गेलं, पानं गर्द हिरवी, कणीसही हाताला जाडजूड लागतंय. आणि सोलून बघावं तर दोन दाणे इथं, चार तिथं, मध्ये नुसतं बुरकुंड. कोल्हापुरात परड्यात, गच्चीवर किंवा मोकळ्या प्लॉटवर हौसेनं मका लावणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला पहिल्या खेपेला हेच येतं. मग बियाणं बोगस म्हणून दुकानदाराला बोल लावला जातो, नाहीतर पुढच्या वेळी दुप्पट खत ओतलं जातं. दोन्हीनं फारसं काही साधत नाही. दाणा धरणार की नाही हे ठरतं ते तुरा आणि केस बाहेर पडतात त्या आठ-दहा दिवसांत. घरच्या मक्याचं बिनसतं ते बहुतेक वेळा तिथंच.

हा लेख पहिल्यांदाच मका लावणाऱ्यांसाठी आहे. एकदा कणीस बोळकं निघालं म्हणून ज्यांनी नाद सोडलाय, त्यांच्यासाठी तर जास्तच.

आधी केस समजून घ्या

मक्यात नर आणि मादी फुलं एकाच झाडावर, पण वेगवेगळ्या जागी असतात. शेंड्याला येतो तो तुरा, म्हणजे नर. झाडाच्या मधल्या भागात, पानाच्या बगलेत येतं ते कणीस, म्हणजे मादी. कणसाच्या टोकातून जे रेशमी केस लोंबतात, त्यातल्या प्रत्येक केसाचं दुसरं टोक आत एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेलं असतं. एक केस, एक दाणा. केसावर पराग पडला की तो तिथं रुजतो, केसाच्या आतून नळी सोडतो आणि साधारण 24 तासांत दाण्यापर्यंत पोचतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याचा दाणा होतच नाही. एका कणसात असे पाचशे ते हजार केस असू शकतात, म्हणजे तितक्या वेळा हे जुळून यावं लागतं.

हे काम वारा करतो. तुऱ्यावर मधमाश्या दिसतात खऱ्या, पण त्या पराग गोळा करायला आलेल्या असतात. केसांत मध नसल्यामुळे त्या केसांकडे फिरकत नाहीत. त्यामुळे मधमाश्या भरपूर आहेत तेव्हा काळजी नाही, हा भरवसा मक्यात चालत नाही.

एका तुऱ्यातून लाखो परागकण सुटतात, तरी कमी का पडतात? कारण मक्याचा पराग जड असतो. तो लांब जात नाही, बराचसा थोड्याच अंतरात खाली येतो. शिवाय तो अल्पायुषी. कोरड्या उन्हाच्या हवेत तास-दोन तासांत मरतो, हवा गार आणि दमट असेल तर दिवसभर टिकतो. एक तुरा साधारण पाच ते आठ दिवस पराग सोडतो आणि त्यातला मोठा वाटा सकाळी, दव वाळल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान सुटतो. केस मात्र सगळे एकदम बाहेर येत नाहीत. बुडाकडचे आधी, शेंड्याकडचे सर्वात शेवटी. त्यामुळे कणसाचं टोक नेहमी धोक्यात असतं. त्याचे केस बाहेर येईपर्यंत पराग संपलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट मुद्दाम करून बघा. चांगल्या भरलेल्या कणसाच्या आडव्या घेरातल्या ओळी मोजा. बारा, चौदा, सोळा, अशी समसंख्याच येईल, कारण दाण्यांची फुलं जोडीनं लागतात. मग आपल्या कणसात ओळी वाकड्यातिकड्या का दिसतात? मधले काही दाणे धरले नाहीत की शेजारच्या दाण्यांना जागा मोकळी मिळते. ते फुगतात, गोल होतात, रिकाम्या जागेत सरकतात आणि ओळीचा माग हरवतो. मोठे, टपोरे, गोल दाणे आणि मध्ये खड्डे असं कणीस दिसलं, तर ते परागाच्या टंचाईचंच लक्षण समजा.

कणीस सोलल्यावर रिकामी जागा कुठं आहे ते पाहा

यावरून कारण बरंचसं कळतं, म्हणून सोललेलं कणीस लगेच टाकू नका.

दाणे सगळीकडे विखुरलेले असतील, तर पराग कमी पडला. झाडं थोडी होती, किंवा एकाच ओळीत होती, किंवा तुरा आणि केस यांची वेळ चुकली.

फक्त टोक रिकामं असेल, तर दोन शक्यता, आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. टोकाला दाण्याचा मागमूसही नसेल, नुसतं गुळगुळीत बुरकुंड, तर तिथल्या केसांना पराग मिळाला नाही. पण टोकाला बारीक, सुकलेले, पांढरट दाणे दिसत असतील, तर दाणे धरले होते आणि झाडानं ते नंतर सोडून दिले. पाण्याचा ताण, नत्राची कमतरता, फार दाटी, आठवडाभर ढगाळ हवा, यातलं काहीतरी झालेलं असतं. झाडाला पुरवठा कमी पडला की ते सगळ्यात धाकट्या, म्हणजे टोकाकडच्या दाण्यांचा घास आधी काढून घेतं. बोटभर टोक रिकामं राहिलं तर मनाला लावून घेऊ नका. अर्धं कणीस रिकामं असेल तर कारण शोधा.

एकाच बाजूला बुडापासून शेंड्यापर्यंत दाणे नाहीत आणि कणीस केळ्यासारखं वाकलंय, असंही होतं. केसांचा झुबका लांब होऊन एका अंगाला लोंबला की वरचे केस खालच्यांना झाकतात आणि झाकलेल्यांवर पराग पडत नाही. कधी त्या बाजूचे दाणे धरूनही नंतर गळलेले असतात. दाणे धरलेली बाजू वाढते, दुसरी खुंटते, म्हणून वाक येतो.

केस कुरतडलेले असतील तर अळी, नाकतोडे, भुंगेरे यांच्याकडे बघा. केस थोडे खाल्ले तर बिघडत नाही, ते वाढत राहतात. पराग सुटत असतानाच ते रोज पार बुडापर्यंत, सेंटिमीटरभरही शिल्लक न ठेवता खाल्ले जात असतील, तर मात्र दाणे जातात.

आणि तुऱ्यातच दाणे लागले तर? नवख्या माणसाला हे बघून धक्का बसतो. बहुतेक वेळा हे बुडातून फुटलेल्या फुटव्यांवर होतं. तुऱ्याच्या फुलांत मादीचा अंश सुरुवातीला असतोच, एरवी तो जिरून जातो. फुटव्यांवर कधीकधी तो टिकतो आणि उघड्यावर दाणे धरतो. रोग नाही, घाबरू नका.

दाणे भरायच्या आधीच ओळखायची युक्ती

ही युक्ती मला सगळ्यात जास्त आवडते. पराग सुटायचा संपत आला की एक कणीस बळी द्या. ते झाडावरून काढा आणि बुडापासून टोकापर्यंत पानांवर धारदार सुरीनं हलकेच चीर द्या, आतल्या केसांना धक्का न लावता. पानं एकेक करून उलगडा. आत कोवळं, पांढरं बुरकुंड दिसेल आणि त्यावर ओले, चमकदार केस चिकटलेले असतील. आता कणीस बुडाशी धरून टोक खाली करा आणि हलवा. ज्या केसांचं काम झालं, ते दाण्यापासून सुटून झुबक्यानं खाली पडतात. जे चिकटून राहतात, त्यांना पराग मिळालेला नाही. कुठं चिकटून राहिलेत ते बघितलं की पुढं कणीस कसं निघणार याचं चित्र दोन-अडीच आठवडे आधी तुमच्या हातात. चिकटलेले केस अजून हिरवट, ताजे असतील आणि आसपास एखादा तुरा पराग सोडत असेल, तर बाकीच्या कणसांसाठी त्याच सकाळी हातानं पराग घालता येतो.

लावण: एक ओळ नको, चौकट करा

आपल्याकडं मका कंपाउंडच्या कडेनं, नाहीतर भाजीच्या वाफ्याभोवती एका ओळीत लावायची सवय आहे. आडोसा होतो, जागा वाया जात नाही. पण एका ओळीतल्या मक्याचा बराचसा पराग वाऱ्यानं शेजारच्या अंगणात पडतो. तेवढीच झाडं चार आखूड ओळींत लावली, तर वारा कुठूनही येवो, पराग कुणाच्या ना कुणाच्या केसावर पडतो. आठ फूट रुंद आणि सहा फूट लांब जागेतही दोन-दोन फुटांवर चार ओळी बसतात, आणि ओळीत आठ इंचांवर एक झाड धरलं तर पस्तीसेक झाडं होतात. ती सगळी एकाच दिवशी टोका, म्हणजे तुरे आणि केस एका वेळी येतील. दर आठवड्याला चार-चार बिया लावत गेलं की रोज ताजं कणीस मिळेल, हा विचार मक्यात अंगाशी येतो. टप्प्यानं लावायचंच असेल तर प्रत्येक टप्प्यात अख्खी चौकट लावा.

बी चार-पाच सेंटिमीटर खोल, एका जागी दोन. उगवल्यावर दहा-बारा दिवसांनी एक जोमदार रोप ठेवून दुसरं उपटा. विरळणी करताना जीव तुटतो, पण दाटीतल्या झाडांची कणसं टोकाला कधीच भरत नाहीत.

गच्चीवर कुंड्यांत लावणाऱ्यांनी 20 लिटरच्या बादलीत दोन झाडं, अशा निदान दहा बादल्या एकमेकींना चिकटून चौकोनात ठेवाव्यात. यापेक्षा कमी झाडं असतील तर वाऱ्यावर विसंबू नका, पराग हातानंच घाला.

कधी लावायचा

मृगात पेरलेल्या मक्याला साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी, म्हणजे जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला तुरा येतो. तरणा, म्हणजे पुनर्वसूचा पाऊस सरून म्हातारा, म्हणजे पुष्याचा जोरात असतो तेव्हा. तुरा ओला असताना त्यातून पराग सुटत नाही. पाऊस थांबून ऊन पडलं की सुटतो. त्यामुळे दोन-चार सरींनी नुकसान होत नाही. पण राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडी या पश्चिम भागात आठ-आठ दिवस झड लागते, तेव्हा केस वाट बघून म्हातारे होतात. शिरोळ, हातकणंगलेकडं पाऊस कमी, तिथं पावसाळी मका चांगला येतो. फक्त काळ्या रानात पाणी साचू देऊ नका.

घरच्या हौसेसाठी माझं मत स्पष्ट आहे: दसऱ्यापासून दिवाळीच्या आसपास लावा. थंडीत वाढ सावकाश होते, तुरा यायला पावसाळ्यापेक्षा जास्त दिवस लागतात, पण आभाळ मोकळं असतं आणि परागाला सोसवेल अशी हवा असते. उन्हाळी मका लावायचा तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात उरका. मार्च उजाडल्यावर लावला तर तुरा एप्रिलच्या शेवटी, मेमध्ये येतो. पारा 35 च्या वर गेला आणि हवा कोरडी असली की केस वाळतात, आणि त्याहून तापलं तर परागही करपतो.

खत आणि पाणी

खतात जास्त रमू नका, पण स्फुरदाकडं दुर्लक्षही करू नका. स्फुरद कमी पडला तर कणसं वाकडी, अर्धवट दाण्यांची होतात. पालाश कमी पडला तर टोक भरत नाही आणि दाणे सैल बसतात. पश्चिमेकडच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत स्फुरद मातीतच अडकून पडतो, म्हणून तिथं तो शेणखतात मिसळून बियांच्या ओळीजवळ द्यावा. मक्यासाठी हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश धरलं, तर दहा चौरस मीटरला सिंगल सुपर फॉस्फेट 375 ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश 65 ते 70 ग्रॅम आणि युरिया 260 ग्रॅम होतो. सुपर फॉस्फेट आणि पोटॅश सगळं लावणीलाच. युरियाचे तीन भाग करा: एक लावणीला, दुसरा महिन्यानं, तिसरा तुरा दिसायच्या जरा आधी. दुसऱ्या हप्त्यानंतर बुडाला मातीची भर द्या, म्हणजे वाऱ्यानं झाड आडवं होत नाही. शेणखत भरपूर असेल तर रासायनिक खत त्या मानानं कमी करा.

खत नसल्यापेक्षाही पाणी चुकलं तर जास्त नुकसान होतं. तुरा यायच्या आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे, या महिन्याभरात वाफसा, म्हणजे मातीतला बेताचा ओलावा, मोडता कामा नये. याचं कारण असं की एरवीही तुरा केसांच्या दोन-तीन दिवस आधी पराग सोडू लागतो. केस वाढतात ते पाण्याच्या जोरावर, दिवसाला दोन-तीन सेंटिमीटरसुद्धा. पाण्याचा ताण पडला की केसांची वाढ मंदावते, तुरा मात्र वेळेवर पराग सोडून मोकळा होतो. केस बाहेर येतात तेव्हा पराग संपलेला असतो. कुंड्यांतला मका या काळात एक दुपार जरी कोमेजला तरी ते कणसावर उमटू शकतं. सकाळी पाणी घालताना ते बुडाशीच घाला, तुऱ्यावर आणि केसांवर पाइप मारू नका.

पराग हातानं कसा घालायचा

झाडं वीसपेक्षा कमी असतील तर हे कराच. केस बाहेर आलेत आणि तुऱ्यावर लोंबणाऱ्या पिवळसर नळ्या दिसतायत, अशी सकाळ निवडा. दव वाळू द्या. साडेनऊच्या सुमारास कोरडी कागदी पिशवी घ्या; प्लॅस्टिकची नको, तिला आतून घाम सुटतो आणि परागाच्या गुठळ्या होतात. तुरा अलगद वाकवून पिशवीत घ्या आणि देठावर टिचकी मारा. पिशवीच्या तळाशी फिकट पिवळी भुकटी दिसेल, सोबत रिकाम्या नळ्यांचा कचराही पडेल, त्याची फिकीर करू नका. दोन-तीन तुऱ्यांचा पराग एकत्र करून लगेच, दहा-पंधरा मिनिटांच्या आत, प्रत्येक कणसाच्या केसांवर सगळ्या बाजूंनी शिंपडा. झुबका एका अंगाला लोंबत असेल तर बोटानं उचलून खालच्या केसांनाही द्या. पराग साठवून उद्यासाठी ठेवू नका, तो उद्यापर्यंत जगत नाही.

हे लागोपाठ चार-पाच सकाळी करा, कारण टोकाकडचे केस उशिरा येतात. केस दहा दिवसांपर्यंत पराग घेऊ शकतात, पण पहिल्या चार-पाच दिवसांत जितक्या आनंदानं घेतात तितके नंतर नाही.

बाजारात मिळणाऱ्या फुलोरा वाढवणाऱ्या टॉनिकवर पैसे घालवू नका. परागाची जागा कुठलंही टॉनिक घेत नाही.

शेजारचं मकवान आणि शेजारचा ऊस

आपल्याकडं म्हशींच्या वैरणीसाठी आफ्रिकन टॉल मका, म्हणजेच मकवान, सर्रास लावतात. तुमचा स्वीट कॉर्न त्याच्या शेजारी एकाच वेळी तुऱ्यात आला, तर त्याचा पराग तुमच्या केसांवर पडतो आणि तो दाणा गोड न होता पिठूळ होतो. बहुतेक पिकांत परक्या परागाचा परिणाम पुढच्या पिढीत दिसतो, मक्यात तो त्याच कणसात दिसतो. म्हणून कधी पांढऱ्या कणसात पिवळे दाणे, कधी गोड कणसात बेचव दाणे सापडतात. कणीस वाळू दिलंत तर भेसळ उघड होते: स्वीट कॉर्नचा दाणा सुरकुततो, भेसळीचा गुळगुळीत राहतो. उपाय सोपा आहे. शेजाऱ्यानं मकवान कधी टोकलं ते विचारा आणि दोघांच्या तुऱ्यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर राहील असं लावा.

दुसरी गोष्ट उसाची. उसात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारतात. मका तुऱ्यात असताना त्याचा फवारा वाऱ्यानं तुमच्याकडं आला तर दाणे कमी धरू शकतात. शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा: वारा पडल्यावर मारा.

अळी

भारतात 2018 मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा आढळलेली अमेरिकन लष्करी अळी आता आपल्याकडं नेहमीचीच झाली आहे. उगवल्यापासून दर तीन-चार दिवसांनी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, डोकवा. भुशासारखी ओली विष्ठा दिसली की अळी आत आहेच. डोक्यावर उलट्या इंग्रजी Y सारखी खूण आणि शेपटाजवळ चौकोनात चार ठिपके असले की तीच. वीस-तीस झाडांत हातानं वेचून मारणं सर्वात खात्रीचं, जोडीला 5 टक्के निंबोळी अर्क पोंग्यात जाईल असा फवारा. केस आल्यावर मात्र सकाळी फवारणी नको, पराग भिजेल, संध्याकाळी करा.

काढणी

केस बाहेर आल्यापासून अठरा ते बावीस दिवसांनी स्वीट कॉर्न तयार होतो, थंडीत थोडे दिवस जास्त लागतात. केस तपकिरी होऊन वाळलेले हवेत, पण कणसाची पानं हिरवी. टोकाजवळ थोडं सोलून दाण्यात नख रोवा. पाणी आलं तर थांबा, दूध आलं तर काढा, पीठ लागलं तर उशीर झाला. ते कणीस भाजायला घ्या.

टोकापर्यंत न भरलेली कणसं उकडून ताटात ठेवायला बरी दिसत नाहीत, पण त्यांचे दाणे तेवढेच गोड असतात. सुरीनं उतरवून उपीट, भजी, थालीपीठ काहीही करा. पानं आणि हिरवी ताटं शेजारच्या गोठ्यात द्या, म्हशी आवडीनं खातात. पुढच्या खेपेसाठी मात्र यातले दाणे बी म्हणून ठेवू नका. संकरित स्वीट कॉर्नचं बी दर हंगामाला नवंच घ्यावं लागतं, आणि पिशवीवरची मुदत बघून घ्या, कारण सुरकुतलेलं ते बी जुनं झालं की नीट उगवत नाही आणि चौकटीत ठिकठिकाणी जागा रिकाम्या राहतात.